जपानी शाळेच्या मैदानावरच्या टाळ्या

आई,

काल चाकांची खुर्ची आली. दोन पोरं घेऊन आली होती, एक केरळचा, एक नेपाळी. दारातच खोक्यातून काढली, चाकं फिरवून दाखवली, "मॅडम, ब्रेक इधर, फूटरेस्ट इधर, खलास," म्हणाली आणि लिफ्ट पकडून गेली. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या हॉलमध्ये ती आता सोफ्याशेजारी उभी आहे. तू असतीस तर तिला उंबऱ्यातूनच परत लावली असतीस. पदर खोचून म्हणाली असतीस, "आमच्याकडे नाही लागत हो असलं काही, शेजारी विचारा." तू नाहीस, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, म्हणून खुर्ची राहिली. बाबा पुण्याला असतात, रोज फोनवर विचारतात, "चालणं कसंय?" मी म्हणते, "चाललंय." त्यांना खुर्चीचं सांगायचा धीर होत नाही. कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून तुला लिहायला बसले.

दीड वर्षाची असताना पोलिओनं माझा डावा पाय नेला आणि उजवा अर्धामुर्धा ठेवला, हे तुला मी काय सांगायचं. तो ताप तूच माझ्या उशाशी बसून काढलास. पण त्यानंतरची एक गोष्ट तू जन्मभर सगळ्यांना सांगत राहिलीस, आणि ती तुझ्या बाजूची होती. गणपतीला हॉल घेऊन मराठी मंडळी जमली की तू सांगायचीस, विमानात शेजारी बसलेल्या बाईला सांगायचीस, बाबांच्या ऑफिसातल्या साहेबाच्या बायकोला तर दोनदा सांगितलीस. मी शेजारीच बसलेली असायचे आणि हसायचे. आज माझ्या बाजूची ऐक.

जपानी कंपन्यांची माणसं तीन-चार वर्षांसाठी इथे यायची, त्यांच्या मुलांची ती इवलीशी शाळा. तिथे तुला इंग्रजी संभाषण शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी दहा-अकराची असेन. पुण्यात कॉलेजच्या पोरांना शिकवलेली बाई तू, आणि आता पहिलीतल्या पोरांकडून "धिस इज अ पेन्सिल" घोकून घ्यायचीस. बाबा चेष्टेनं म्हणायचे, "बघ, प्रमोशन झालं तुझं." तू कानाआड करायचीस. मला वाटतं त्या शाळेच्या तू प्रेमातच पडली होतीस. मुलं स्वतः वर्ग झाडतात, स्वतः जेवण वाढतात, बूट काढून कप्प्यात ठेवतात, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्हाला हेच. थंडी पडायच्या सुमाराला त्यांचा क्रीडादिन जवळ आला की मग विचारायलाच नको. तुझ्या हातातली पोळी तव्यावर करपायची आणि तू लाटणं हवेत धरून सांगत असायचीस.

"अहो, महिनाभर तालीम चालते," तू बाबांना सांगायचीस. "पळण्याची नाही हो, उभं राहण्याची. रांगेत आत यायचं कसं, वाकायचं कसं, बाहेर जायचं कसं. निम्मी पोरं लाल, निम्मी पांढरी. टोपी एकच, आतून पांढरी, बाहेरून लाल, ज्याची जी बाजू ती वर. माईकवर बोलणारी पोरं, रेघेवर नंबर बघणारी पोरं, दोरी आणून ठेवणारी पोरं. शिपाई नाही, कुणी नाही. आदल्या दिवशी हेडमास्तर स्वतः वाकून मैदानातले खडे वेचत होते." बाबा म्हणायचे, "आणि आमच्याकडे हेडमास्तरांना खुर्ची पुसून द्यावी लागते." मग तू खरा मुद्दा काढायचीस. तिथे कुणी बसून नसतं. जो सगळ्यात मागे राहतो तोही पळतो, आणि तो पोचेपर्यंत सगळे थांबतात. हे म्हणताना तू माझ्याकडे बघायची नाहीस, पण मला कळायचं की हे माझ्यासाठी आहे.

कारण माझ्या शाळेत मी बसून असायचे. आमच्या इंडियन स्कूलच्या स्पोर्ट्स डेला पळणाऱ्या मुली आपापली घड्याळं आणि चष्मे माझ्याकडे ठेवायला द्यायच्या. सावलीत खुर्ची, मांडीवर ताट, ताटात घड्याळं. टीचर म्हणायच्या, "यू सिट बेटा, यू आर इन-चार्ज." मला त्याचं काही वाटायचं नाही, खरं सांगते. उलट ऐट वाटायची. एका वर्षी तू मला न्यायला लवकर आलीस, मला त्या ताटासकट पाहिलंस आणि ताट उचलून टीचरच्या हातात दिलंस. टॅक्सीत तू पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होतीस. घरी आल्यावर म्हणालीस, "तुला काय राखण करायला घातलंय का शाळेत?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू तुझ्या हेडमास्तरांशी बोललीस. त्यांच्या कार्यक्रमात दुपारच्या आधी एक शर्यत पाहुण्यांच्या मुलांची असायची, धाकटी भावंडं, शेजारपाजारची पोरं, कुणीही. त्यात माझी मुलगी पळेल का, असं तू विचारलंस. ते म्हणे ताठ उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, आम्ही वाट बघू. घरी येऊन तू चपला काढायच्या आधीच सांगितलंस, "तू पळणार आहेस." बाबा म्हणाले, "अगं, पोरीला विचारलंस का?" तू म्हणालीस, "विचारत बसले तर ती नाहीच म्हणेल." हे मात्र अगदी खरं होतं.

मग सुरू झाल्या आपल्या फेऱ्या. देरा भागातल्या आपल्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत लांबलचक बोळ होता. शाळेतून आलं की दूध पिऊन मी कॅलिपर घट्ट करायचे आणि तुझा सगळा स्वयंपाक होईपर्यंत त्या बोळातून ये-जा करायचे. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडाच्या दोन पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याला कडी. प्रत्येक पावलाला ती कडी वाजायची. बाबांच्या कंपनीचं गोदाम रास अल खोरला होतं, तिथल्या वेल्डरकडून त्यांनी ती घासून आणली, तरी वाजायची. खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा वर येऊन विचारलं, तुमच्याकडे शिवणाचं मशीन आहे का. तू लाटता लाटता माझ्याकडे बघायचीस आणि शाळेतून आणलेला तुझा तो शब्द ओरडायचीस, "गांबारे." जोर लाव, हटू नकोस, असा त्याचा अर्थ तू सांगितला होतास. कणीक मळताना गांबारे, कुकरची शिट्टी झाली की गांबारे. एका संध्याकाळी पट्टा घासून मांडीचं साल गेलं, मी भिंतीला टेकून रडायला लागले, "आय कान्ट, आई, आय कान्ट." तू गॅस बारीक केलास, बोळात आलीस, आता जवळ घेशील असं वाटलं. तू म्हणालीस, "रडायचं तर रड, पण चालत रड." मी तशी चालले. रात्री तू त्या सालावर लोणी लावलंस आणि माझा पाय मांडीवर घेऊन बसलीस.

तो सुट्टीचा शुक्रवार अजून मला दिसतो. सकाळचं कोवळं ऊन आहे, मैदानावर पाणी मारून माती बसवली आहे, पांढऱ्या भुकटीच्या रेघा इतक्या सरळ आहेत की त्यांवर पाय ठेवायला भीती वाटते. वर देशोदेशीच्या झेंड्यांच्या माळा आहेत, त्यात आपलाही एक आहे, तू मला बोट करून दाखवतेस. पियानोच्या सुरावर सगळे व्यायाम करताहेत, पोरं, आया, बाप, हेडमास्तर, आणि माझी आई साडीवर स्पोर्ट्सचे बूट घालून त्यांच्यात हात वर-खाली करते आहे. मला लाल टोपी मिळाली आहे. तिचं इलॅस्टिक हनुवटीखाली काचतं आहे.

दोन उंच काठ्यांवर एकेक टोपली बांधलेली, खाली जमिनीवर कापडी चेंडूंचा सडा. शिट्टी झाली की सगळ्यांनी मिळून टोपलीत चेंडू फेकायचे, लाल आपल्या टोपलीत, पांढरे आपल्या. तुझ्या गोष्टीत हे कधीच आलं नाही, कारण तेव्हा तू सरबताच्या टेबलाशी होतीस. त्यात पळायचं नव्हतं, उभं राहून फेकायचं होतं, आणि माझे हात मजबूत होते. कुबड्यांवर वाढलेले हात. मी फेकत सुटले. आजूबाजूला धक्काबुक्की, आरडाओरडा, डोक्यावर चेंडू पडताहेत, माझ्याकडे कुणाचंही लक्ष नाही. मग दोन्ही टोपल्या खाली घेतल्या आणि एकेक चेंडू आकाशात उडवत सगळ्या मैदानानं एका सुरात मोजायला सुरुवात केली, इची, नी, सान, एक, दोन, तीन. पांढऱ्यांचे संपले आणि आमचा एक अजून उडाला. माझ्या शेजारच्या मुलानं मला कोपर मारलं, जसं त्यानं कुणालाही मारलं असतं. मला विचारशील तर माझा क्रीडादिन तेवढाच होता.

त्यानंतर शर्यत. आम्ही सात-आठ पोरं होतो, बहुतेक माझ्याहून लहान. तू शेवटच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिलीस. पिस्तूल वाजलं, आणि मी चार पावलं टाकते तोवर ती सगळी पोचलीसुद्धा. हे अपेक्षितच होतं गं. बोळातही मी एकटीच असायचे. पण बोळात कुणी बघत नव्हतं. रेघेवरच्या दोन मुलींनी पहिल्यानं तोडलेली फीत पुन्हा उचलली आणि माझ्यासाठी ताणून धरली. मग कुणीतरी टाळी वाजवायला लागलं. आधी एका तंबूतून, मग सगळीकडून, माझ्या पावलाच्या तालावर. कडी वाजली की टाळी, कडी वाजली की टाळी. ज्या माणसांनी मला तोवर पाहिलंही नव्हतं ती उभी राहून मला बघत होती. दोन-तीन बायका रुमालानं डोळे पुसत होत्या. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि तेवढंच तर मला येत नव्हतं. मधे मी थांबले, तर टाळ्या जोरात झाल्या. थांबायचीही सोय नव्हती. तू समोर दोन्ही हात पसरून "गांबारे, गांबारे" करत होतीस, तुझा चेहरा ओलाचिंब झाला होता आणि इतका आनंद मी तुझ्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही. त्या चेहऱ्याकडे बघत मी फितीपर्यंत गेले. आपल्या शाळेत मी ताट घेऊन बसायचे तेव्हा मी राखणदार होते. इथे मी लंगडी होते, आणि ते अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं.

जेवायला सगळे चटया पसरून बसले. त्यांच्याकडे भाताचे गोळे, गुंडाळलेलं ऑम्लेट, आपल्याकडे तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी, जी चाखून तुझ्या बरोबरच्या टीचरनं अर्धी बाटली पाणी प्यायलं. चटईवर बूट काढून जायचं होतं. माझा बूट कॅलिपरला जोडलेला, तो काढायचा म्हणजे सगळंच सोडायचं, म्हणून मी पाय बाहेर ठेवून कडेला बसले. तू लोकांचं अभिनंदन घेत फिरत होतीस. एक बाई आल्या, कुणाच्या तरी आई. गुडघ्यांवर बसल्या, पिशवीतून ओलं फडकं काढलं, माझ्या बुटाचा तळ नीट पुसला, फडकं घडी करून ठेवलं आणि चटईवर जागा करून दिली. मी सरकून आत बसले. त्यांनी माझ्याकडे भाताचा गोळा सरकवला आणि आपल्या मुलाशी बोलायला लागल्या. शेवटी सगळ्यांना सारखंच बक्षीस मिळालं, एकेक छोटा टॉवेल. तो तू कधी वापरू दिला नाहीस, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलास.

"अख्खं मैदान उभं राहिलं हो माझ्या मुलीसाठी," इथे तुझी गोष्ट संपायची. ऐकणारेही टाळ्या वाजवायचे. मी एकदा म्हणाले होते, "आई, नको ना सांगूस." तू म्हणालीस, "लाजतेस काय, कमावलंयस तू." तुझ्याकडे ती एकच गोष्ट होती ज्यात मी जिंकत होते. फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. क्रीडादिन गेला, बोळ राहिला. मी कॉलेजात जाईपर्यंत तुझा स्वयंपाक आणि माझं चालणं एकत्रच चालायचं.

आणि मग तुझं ते दुखणं निघालं. अल ऐनच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं, बाबा आणि मी दर आठवड्याला दोन तास गाडीनं जायचो, दोन्हीकडे नुसती वाळू, आणि बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचे. ऑपरेशननंतर नर्सनं तुला चालवायला काढलं, पलंगापासून कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत. मल्याळी नर्स, गोड मुलगी, 'चला'ला अरबीत यल्ला म्हणायची. "यल्ला, मम्मी, स्लोली." तू एक हात तिच्या खांद्यावर टाकलास, दुसऱ्या हातात सलाईनचा स्टँड. चाकं कुरकुरत होती. दोन पावलं, थांब, दोन पावलं. तुझा गाऊन मागून सुटला होता. बाबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, नर्सनं वाजवल्या, बाकड्यावर बसलेल्या दोन अरब बायकांनी वाजवल्या. मी कुबड्या काखेत दाबून धरल्या आणि मीही वाजवल्या. "गांबारे, आई," मी म्हणाले. मला वाटलं तुला आवडेल.

तू थांबलीस. मागे वळायची ताकद नव्हती, मान तेवढी वळवलीस. म्हणालीस, "टाळ्या नका वाजवू रे." मग बाबांना सोडून माझ्याकडे बघितलंस, खूप वेळ. ओठ हलल्यासारखे वाटले. नर्स म्हणाली, "व्हॉट शी इज सेइंग?" कुणीच सांगितलं नाही. तू खिडकीपर्यंत गेली नाहीस, तिथूनच परत फिरलीस. त्यानंतर तू मला गांबारे म्हणाली नाहीस, आणि ती गोष्टही कुणाला सांगितली नाहीस. सांगायला फारसे दिवसही उरले नव्हते.

आता माझं. चाळिशीच्या आसपास उजवा पाय दगा द्यायला लागला. चांगला पाय, ज्याच्या जिवावर मी ऑफिस, मेट्रो, सगळं केलं तो. डॉक्टर इजिप्तचे आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, पोलिओतून वाचलेल्या नसा गेलेल्यांचं काम स्वतःवर घेतात, वर्षानुवर्षं दुप्पट राबतात आणि मग एक दिवस थकतात. गेलेली ताकद परत येत नाही. मी विचारलं, लहानपणी फार चालवलं म्हणून असं होतं का? ते म्हणाले, असेलही, नसेलही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे हात कसे राहतील विचारलं तर म्हणाले, "इन्शाल्ला." इतकी वर्षं या देशात काढली, डॉक्टर इन्शाल्ला म्हणाला की काय समजायचं ते मला कळतं.

तुझ्यावर रागवावं असं फार वाटतं, पण जमत नाही. कुणावर रागवायचं, लोणी लावणाऱ्या बाईवर? चालवलं नसतंस तर कदाचित खुर्ची दहा वर्षं उशिरा आली असती, कदाचित बाराव्या वर्षीच आली असती. हिशेब लागत नाही आणि लागला तरी पाय येणार नाहीत. आज खुर्चीत बसून खाली जाऊन आले. परत आल्यावर दारात अडले, कारण तुझ्या नियमानं बाहेरची चप्पल घरात येत नाही आणि या चाकांना खालच्या तळ्याकाठची सगळी धूळ लागलेली. कपाटातून क्रीडादिनाचा तो टॉवेल मागवला. कामाला येणारी बाई पुसते म्हणाली, मी म्हटलं, राहू दे. वाकून मीच पुसली, आधी उजवं, मग डावं, आणि आत आले. बाई टाळ्या वाजवणार की काय असं क्षणभर वाटलं. नाही वाजवल्या. ती भांडी घासायला गेली.

एक राहिलं. त्या कॉरिडॉरमध्ये तू टाळ्या नको म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. तू उभ्या जागी थरथरत होतीस, बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि मला, आई, बरं वाटलं. म्हटलं, कळलं हिला. आता आपण दोघी सारख्या. तुझा पत्ता असता तर पत्र पाकिटात घालण्याआधी एवढं मी खोडलं असतं. पत्ता नाही, म्हणून राहू देते.